पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी चिकटू नयेत म्हणून रक्त पातळ करायचं औषध द्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आईंचं गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन झालं, दीड वर्षाने आतडी चिकटून अडथळा आला, पोट पुन्हा उघडावं लागलं आणि आता त्याच चिरेच्या जागी हर्निया झाला आहे. तिसऱ्या ऑपरेशनची तारीख ठरली आहे. उंदरांना हेपॅरिन दिल्यावर त्यांची आतडी चिकटली नाहीत असं तुम्ही वाचलंत आणि विचारताय की ऑपरेशननंतर महिनाभर रक्त पातळ करायची इंजेक्शनं किंवा गोळ्या चालू ठेवल्या तर आईंची यातून कायमची सुटका होईल का?

उत्तर आधीच सांगून टाकतो. पायात गुठळी होऊ नये म्हणून सर्जन जे इंजेक्शन लिहून देतील ते जरूर घ्या, एकही दिवस चुकवू नका. पण आतडी चिकटू नयेत म्हणून रक्त पातळ करणारं औषध आपणहून सुरू करू नका, आणि सांगितलेला डोस वाढवूही नका. तुमच्या विचाराचा पाया मात्र चुकीचा नाही. तो नेमका कुठे बरोबर आहे आणि गाडी कुठे रुळावरून उतरते हे समजलं, तर सर्जनशी बोलताना तुम्हाला त्याचा फायदा होईल. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पोटाच्या आतल्या भिंतीवर आणि आतड्यांवर एकच सलग अस्तर असतं, त्याला आम्ही पेरिटोनियम म्हणतो. त्याचा वरचा थर एकाच पेशीच्या जाडीचा असतो. निरोगी पोट उघडलं की तो ओला, चकचकीत दिसतो आणि आतडी एकमेकांवरून अलगद घसरतात. हा थर इतका नाजूक की कोरड्या गॉजने पुसलं तरी सोलवटतो. सोलवटलेल्या जागेतून काही तासांतच प्रथिनांनी भरलेला द्रव पाझरतो, त्यातलं फायब्रिन नावाचं चिकट प्रथिन गोठतं आणि शेजारी-शेजारी असलेली दोन आतडी त्याने सांधली जातात. पोटाच्या आत चिकटण्याची सुरुवात इथे होते.

काही कारणाने दुसऱ्या दिवशीच पोट पुन्हा उघडावं लागलं, तर हे फायब्रिन डोळ्यांना दिसतं. फिकट पिवळसर, भिजलेल्या टिश्यू पेपरसारखा पापुद्रा. बोट फिरवलं की आतडी सुटी होतात, रक्ताचा थेंबही येत नाही. त्याच पोटात दोन-तीन आठवड्यांनी गेलं तर बोट शिरत नाही. जबरदस्ती केली तर आतडंच फाटतं. म्हणून पहिल्या काही दिवसांनंतर ते साधारण सहा आठवडे होईपर्यंत, जिवावर बेतल्याशिवाय कुठलाही अनुभवी सर्जन ते पोट उघडायला तयार होत नाही. आणि वर्ष-दोन वर्षांनी उघडलं तर? तोवर त्या पापुद्र्याची जागा पांढऱ्या, चिवट पट्ट्यांनी घेतलेली असते. त्यात रक्तवाहिन्या असतात, नसासुद्धा असतात. आईंच्या दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी असाच एखादा पट्टा तारेसारखा ताणलेला असणार आणि त्याखाली आतडं अडकलं असणार.

या दोन चित्रांच्या मधे काय घडतं, सगळा खेळ तिथे आहे. फायब्रिन विरघळवण्याची सोय शरीरात असते. पेरिटोनियमच्या पेशी टीपीए नावाचं द्रव्य सोडतात, त्यातून प्लाझमिन तयार होतं आणि प्लाझमिन फायब्रिनचे तुकडे करतं. हे काम वेळेत झालं तर पाच ते सात दिवसांत नवं अस्तर येतं आणि तिथे काही चिकटलं होतं याचा मागमूस राहत नाही. जखम मोठी असो वा लहान, अस्तर भरून यायला जवळपास तेवढेच दिवस लागतात, कारण त्वचेसारखं ते फक्त कडेकडेने सरकत येत नाही, सगळ्या पृष्ठभागावर एकदम उगवतं. पण ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, नेमकी गरज असते तेव्हा, ही विरघळवण्याची शक्ती मंदावते. टीपीए कमी होतं आणि त्याला अडवणारं पीएआय-१ वाढतं. रक्तपुरवठा तुटलेल्या आणि सुजलेल्या जागी तर हे फारच जास्त घडतं. मग उरलेल्या फायब्रिनच्या जाळीत फायब्रोब्लास्ट पेशी शिरतात, कोलॅजनचे चिवट धागे विणतात आणि पट्टा कायमचा होतो.

हे ऐकल्यावर कोणाच्याही मनात येईल की फायब्रिनच होऊ दिलं नाही तर प्रश्नच मिटला. तुमच्याही मनात तेच आलं आणि शंभर वर्षांतल्या कित्येक हुशार सर्जनांच्या मनातही. जे मॅक्लेन या विद्यार्थ्याला 1916 मध्ये प्राण्यांच्या यकृतातून रक्त गोठू न देणारा पदार्थ मिळाला, त्यातून पुढे हेपॅरिन आलं. 1940 मध्ये लेहमन आणि बॉइज या दोन सर्जनांनी हेपॅरिन प्राण्यांच्या पोटात सोडून पाहिलं आणि आतडी चिकटणं कमी झाल्याचं लिहिलं. तेव्हापासून आजवर साधं हेपॅरिन, नंतर आलेली कमी रेणुभाराची हेपॅरिन, अलीकडच्या गोळ्या, सगळं उंदरांवर आणि सशांवर वापरून झालं आहे. अनेक प्रयोगांत परिणाम चांगले आले, काहींत आले नाहीत. तुम्ही वाचलेला प्रयोग खोटा नाही.

मग माणसांत हे का टिकलं नाही? मला यात तीन अडचणी दिसतात, आणि तिसरी सगळ्यात मोठी.

पहिली अडचण औषधाच्या स्वभावातच आहे. "रक्त पातळ करणारं औषध" हा शब्द आपण सगळेच वापरतो, पण ही औषधं रक्त पातळ करत नाहीत. हेपॅरिन अँटिथ्रॉम्बिनला बळ देतं आणि गोठण्याच्या साखळीतल्या दहाव्या घटकाला व थ्रॉम्बिनला अडवतं. वॉरफरिन यकृतात व्हिटॅमिन के वापरून होणारे घटक बनू देत नाही. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही. म्हणजे ही सगळी नवी गुठळी अडवणारी औषधं. जमून बसलेलं फायब्रिन यातलं एकही विरघळवत नाही, ते काम प्लाझमिनचं. पोटात तर फायब्रिन ऑपरेशन चालू असतानाच जमायला लागतं, टाके घालून होईपर्यंत पापुद्र्याची सुरुवात झालेली असते. दुसऱ्या दिवशी दंडावर किंवा पोटावर घेतलेलं इंजेक्शन त्या पापुद्र्याला हात लावत नाही. आणि महिनाभर चालवलेल्या गोळ्यांचे शेवटचे तीन आठवडे तर कोलॅजन विणून झाल्यानंतरचे असतात.

मग इंजेक्शनऐवजी हेपॅरिन थेट पोटातच सोडलं तर? तेही करून झालं आहे. हेपॅरिन मिसळलेल्या द्रवाने पोट धुण्याची पद्धत एके काळी बरीच चालायची, विशेषतः वंध्यत्वासाठी केलेल्या ओटीपोटाच्या शस्त्रक्रियांत. 1988 मध्ये तरुण स्त्रियांवर झालेल्या तुलनात्मक अभ्यासात या धुण्याने आतडी किंवा नलिका चिकटणं कमी झालेलं दिसलं नाही. कारण समजायला कठीण नाही. साधं सलाइन पोटातून ताशी तीस ते साठ मिली या वेगाने शोषलं जातं, म्हणजे लिटरभर द्रव एका दिवसात गायब होतो. हेपॅरिनचा रक्तातला निम्मा असर दीड तासाच्या आत उतरतो. आपल्याला निदान तीन-चार दिवसांचा पहारा हवा असतो. पुढे हेपॅरिनमध्ये भिजवलेला सेल्युलोजचा पडदा आतड्यांमध्ये ठेवून पाहिला. सशांत तो नुसत्या पडद्यापेक्षा सरस ठरला, स्त्रियांवरच्या अभ्यासात मात्र हेपॅरिनमुळे वेगळा फायदा दिसला नाही.

दुसरी अडचण उंदीर आणि माणूस यांच्यातली. प्रयोगातला उंदीर तरुण आणि निरोगी असतो. त्याच्या आतड्याचा ठरावीक भाग ठरावीक वेळा घासतात, आधी कधी ऑपरेशन झालेलं नसतं, पोटात जंतू नसतात, आणि एक-दोन आठवड्यांत त्याचं पोट उघडून गुण देतात. आईंचं पोट तसं नाही. दोनदा उघडलेलं, जुने पट्टे असलेलं, बहुधा हर्नियासाठी जाळी बसवायची गरज असलेलं. शिवाय उंदराच्या अभ्यासात "पट्टे किती" हे मोजलं जातं. आपल्याला हवं असतं ते पुढच्या पाच-दहा वर्षांत अडथळा येतो का, याचं उत्तर. या दोन गोष्टी एक नव्हेत. पट्टे तर जवळजवळ सगळ्यांनाच होतात. 1990 मध्ये मेंझीस आणि एलिस यांनी नोंदवलं की आधी पोट उघडलेल्या रुग्णांपैकी 93 टक्क्यांच्या पोटात पट्टे सापडले, आणि आधी कधीच ऑपरेशन न झालेल्यांतही 10.4 टक्के लोकांत ते होते. तरी बहुतेकांना त्यांचा कधी पत्ताही लागत नाही. स्कॉटलंडमध्ये जवळपास तीस हजार रुग्णांचा दहा वर्षं मागोवा घेतला, त्यात थेट या पट्ट्यांमुळे पुन्हा दाखल व्हावं लागलेल्यांचं प्रमाण सगळ्या पुनर्दाखल्यांत 5.7 टक्के होतं. म्हणजे शंभर जणांना औषध द्यायचं ते मोजक्यांच्या फायद्यासाठी, आणि त्या औषधाची जोखीम मात्र शंभरही जणांनी सोसायची.

आणि ती जोखीम म्हणजेच तिसरी अडचण. मला सगळ्यात जास्त याचीच काळजी वाटते.

पोटात साठलेलं रक्त स्वतःच आतडी चिकटवतं. गोठलेलं रक्त म्हणजे फायब्रिनचा साठाच. रक्त गोठू नये म्हणून औषध वाढवायचं, त्याने सोलवटलेल्या शेकडो बारीक जागांतून रक्त झिरपायचं, ते ओटीपोटात साठून गोठायचं, आणि ज्या गोष्टीपासून पळत होतो तिच्याच पुढ्यात जाऊन उभं राहायचं. माझ्या हाताखालून गेलेला एक रुग्ण मी विसरलो नाही. हृदयाच्या झडपेमुळे त्याला पूर्ण डोसमध्ये हेपॅरिन देणं भागच होतं. चौथ्या दिवशी नाडी वाढली, चेहरा पांढरा पडला, पोट उघडलं तर आतड्यांच्या घड्यांमध्ये काळ्या जेलीसारख्या गुठळ्या ठासून भरलेल्या. मूठ-मूठ काढल्या, धुतलं, बंद केलं. जीव वाचला. वर्षभराने दुसऱ्या कारणासाठी त्याच पोटात जावं लागलं तेव्हा जिथे-जिथे त्या गुठळ्या होत्या तिथली आतडी एकमेकांना अशी घट्ट धरून होती की नुसतं आत शिरायला दोन तास गेले. त्याला हेपॅरिन देणं चुकलं नव्हतं, झडपेसाठी ते हवंच होतं. पण आतडी चिकटू नयेत म्हणून हे औषध द्या, असं कुणी म्हटलं की मला ते पोट आठवतं.

वर सांगितलेल्या सेल्युलोजच्या पडद्याचीही हीच गत. त्याला रक्त लागलं की तो काळा पडतो आणि निरुपयोगी होतो, म्हणून तो ठेवण्याआधी रक्त पूर्ण थांबवावं लागतं. आतडी चिकटू नयेत म्हणून आम्ही ऑपरेशनमध्ये सगळ्यात जास्त जीव ओततो तो रक्तस्राव थांबवण्यावरच. रक्तस्रावाखेरीज हेपॅरिनचा आणखी एक धोका आहे. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास काही रुग्णांच्या प्लेटलेट्स निम्म्याहून खाली येतात आणि उलट गुठळ्याच व्हायला लागतात. क्वचित होतं, पण झालं तर गंभीर असतं. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर एनोक्सापॅरिन हे कमी रेणुभाराचं हेपॅरिन शरीरात साठत जातं. ही घरी बसून चालवायची औषधं नव्हेत.

तुमचा गोंधळ बहुधा आणखी एका गोष्टीने झाला असावा. पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर एनोक्सापॅरिन 40 मिलिग्रॅम रोज एकदा देतात हे खरं, आणि कर्करोगाच्या ऑपरेशननंतर ते चार आठवडे चालवतात हेही खरं. 2002 च्या एका मोठ्या अभ्यासात एका आठवड्याऐवजी चार आठवडे दिल्यावर शिरांतल्या गुठळ्यांचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 4.8 टक्क्यांवर आलं होतं. त्या अभ्यासाचा विषय पायातल्या आणि फुप्फुसातल्या गुठळ्या हा होता, आतडी चिकटण्याशी त्याचा संबंध नाही. ते इंजेक्शन जीव वाचवतं. आईंना ते लिहून दिलं तर "आतडी चिकटत नाहीत ना, मग कशाला" म्हणून बंद करू नका.

आई आधीपासूनच हृदयाच्या ठोक्यांसाठी किंवा झडपेसाठी अशी गोळी घेत असतील, तर ती कधी थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची हे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ मिळून ठरवतील. वॉरफरिन साधारण पाच दिवस आधी थांबवतात, नव्या गोळ्या मोठ्या ऑपरेशनआधी बहुधा दोन दिवस. आणि या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या पोटातही मी भरपूर पट्टे पाहिलेत.

मग काय केल्याने फरक पडतो? बरंचसं ऑपरेशनच्या टेबलावर ठरतं, आणि त्यातलं बहुतेक दिसायला साधं असतं. आतडी कमीत कमी हाताळणं, ओल्या गॉजखाली ठेवणं, दिव्यांच्या उष्णतेत कोरडी पडू न देणं. रक्तवाहिनी नेमकी पकडून बंद करणं, आजूबाजूचा मांसल भाग घाऊक जाळून न टाकणं. पेरिटोनियम ताणून टाके न घालणं. हॅरोल्ड एलिस यांनी 1962 मध्येच दाखवलं होतं की उघडी पडलेली जागा तशीच सोडली तर ती बहुधा छान भरून येते, आणि तीच जागा ताणून शिवली की टाक्यांत आवळलेला, रक्त न मिळणारा भाग जवळ येईल त्याला चिकटतो. ग्लोव्ह्जवरच्या पावडरमुळेही पट्टे होतात, म्हणून अमेरिकेने जानेवारी 2017 पासून पावडरच्या ग्लोव्ह्जवर बंदीच घातली. दुर्बिणीतून ऑपरेशन केलं तर चीर लहान आणि आतड्यांना हात कमी लागतो, त्यामुळे पट्टेही कमी होतात. अर्थात आईंच्या पोटात दुर्बीण सुरक्षितपणे जाते का, हे आत शिरल्यावरच कळेल. दुर्बीण आत गेल्यावर मधेच मोठी चीर घ्यावी लागली तर तो सर्जनचा पराभव समजू नका.

आतड्यांमध्ये ठेवायचे पडदे आणि द्रव हा दुसरा उपाय. हायल्युरोनेट आणि कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज यांचा पापुद्र्यासारखा पडदा काही दिवस भिंत बनून राहतो आणि मग विरघळतो. या एका प्रकाराबद्दल असा पुरावा आहे की पट्ट्यांमुळे आलेल्या अडथळ्यासाठी पुन्हा ऑपरेशन करण्याची वेळ त्याने कमी येते. पण आतडं कापून नुकतंच जोडलं असेल तर त्या जोडाभोवती तो गुंडाळायचा नसतो, जोड गळण्याचा धोका वाढतो. आयकोडेक्स्ट्रिन हा द्रव तीन-चार दिवस पोटात राहून आतडी तरंगती ठेवतो. सलाइन दिवसभरात शोषलं जातं, हा टिकतो, आणि आपल्याला हवे ते दिवस हेच. कोणता वापरायचा, किंवा वापरायचाच का, हे पोट उघडल्यावर सर्जनच ठरवू शकतात, पण आधी विचारायला काहीच हरकत नाही.

फायब्रिन होऊ न देण्याऐवजी झालेलं विरघळवण्याची शक्ती वाढवावी, या दिशेने काम चालू आहे आणि मला तीच वाट जास्त पटते. बाहेरून दिलेलं टीपीए प्राण्यांत चांगलं काम करतं. स्टॅटिनच्या गोळ्यांनी पेरिटोनियमचं स्वतःचं टीपीए वाढतं असंही उंदरांत दिसलं आहे. यातलं काहीही आज आईंना या कारणासाठी देण्याच्या पायरीवर आलेलं नाही.

आईंच्या बाबतीत एक गोष्ट मात्र मी तुमच्या जागी असतो तर नक्की विचारली असती. हर्नियासाठी जाळी बसवणार असतील तर ती कुठल्या थरात? जाळी आतड्यांच्या थेट संपर्कात येणार असेल, तर आतड्याकडची बाजू न चिकटणाऱ्या लेपाची आहे का? साधी पॉलिप्रॉपिलीनची जाळी आतड्यांना उघडी राहिली तर आतडी तिला अशी धरतात की पुढे सोडवताना आतडं कापावं लागू शकतं. जाळी पोटाच्या भिंतीच्या थरांमध्ये, आतड्यांपासून दूर बसवता आली तर हा प्रश्नच बराचसा सुटतो. तुम्ही हेपॅरिनबद्दल जितका विचार केलात, त्याच्या निम्मा विचार या प्रश्नावर केला तरी आईंचा जास्त फायदा होईल.

आणखी एक. कधी-कधी अस्पष्ट पोटदुखी होते म्हणून पट्टे कापायचं ऑपरेशन करून घेऊ नका. 2003 मध्ये नेदरलँड्समध्ये शंभर रुग्णांवर अभ्यास झाला होता. निम्म्यांचे पट्टे दुर्बिणीतून सोडवले, निम्म्यांत नुसती दुर्बीण घालून पाहिलं. वर्षभरानंतर दुखण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. कापलेल्या जागी पट्टे पुन्हा होतात.

अडथळ्याची लक्षणं घरात सगळ्यांना माहीत असू द्या: पोट फुगणं, थांबून-थांबून येणारी कळ, हिरवट उलट्या, गॅस आणि शौच दोन्ही बंद. असं झालं की पोट साफ व्हायचं औषध घरी देऊ नका, तोंडाने काही न देता थेट रुग्णालयात न्या. बरेच अडथळे नाकातून नळी, सलाइन आणि रंगीत औषधाचा एक्स-रे यांवर दोन-तीन दिवसांत सुटतात. ते औषध 24 तासांत मोठ्या आतड्यात उतरलेलं दिसलं की बहुधा ऑपरेशन टळतं. पण कळ सतत राहिली, ताप आला, पोट दगडासारखं कडक झालं तर वाट पाहायची नसते.

ऑपरेशनला जाताना मागच्या दोन्ही वेळच्या ऑपरेशन नोट्स मिळवून सोबत न्या. डिस्चार्ज कार्डवरची दोन ओळींची माहिती पुरत नाही, सर्जनच्या हातची सविस्तर नोट मागा. आतडं कुठे चिकटलं होतं, कुठला भाग कापला की नुसता सोडवला, पोटाची भिंत कशी बंद केली, हे तिथे लिहिलेलं असतं. पहिली चीर कुठून घ्यायची हे सर्जन त्यावरूनच ठरवतात.